कॅनीतून वाचलेल्यांच्या मागावर : इटलीतील सात दिवस

पहिला दिवस, ३० जुलै : रोम

रोमच्या तेर्मिनी रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच, बस आणि टॅक्सींच्या गर्दीला लागूनच, पिवळसर-करड्या दगडांची एक जुनी भिंत उभी दिसते. बहुतेक प्रवासी बॅगा ओढत तिच्याजवळून निघून जातात. मी मात्र हॉटेलवर जाण्याआधी अर्धा तास तिथेच थांबलो, कारण मला ज्या माणसांचा माग काढायचा होता त्यांनी पाहिलेली रोममधली फार थोडी बांधकामे आज शिल्लक आहेत आणि ही भिंत त्यांपैकी एक आहे. गॉल टोळ्यांनी इ. स. पू. ३९० च्या सुमारास रोम लुटले, त्यानंतरच्या काळात शहराभोवती सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा हा तट बांधला गेला, जरी परंपरेने तो त्याआधीच्या सर्व्हियस टुलियस या राजाच्या नावावर जमा केला असला तरी. कठड्याशी उभे राहून पाहिले की चिऱ्यांचा एक थर लांबीने आणि दुसरा रुंदीने बसवलेला दिसतो, सांध्यांत चुना आढळत नाही, आणि काही चिऱ्यांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा अजूनही ओळखता येतात.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा, म्हणजे रोमच्या शत्रूचा, सेनापती हॅनिबल याच्या मार्गाने जाणारे प्रवासी पुष्कळ आहेत. मला मात्र गेली अनेक वर्षे एक निराळाच प्रश्न सोडत नव्हता. इ. स. पू. २१६ मध्ये दक्षिण इटलीतील कॅनी येथे एका दिवसात रोमच्या सैन्याचा मोठा भाग कापला गेला, तरीही रोम युद्ध हरले नाही, हे प्रत्येक इतिहासग्रंथ सांगतो. पण त्या रणांगणावरून जिवंत निसटलेल्या चौदा-पंधरा हजार शिपायांचे आणि हॅनिबलच्या हाती सापडलेल्या हजारो कैद्यांचे पुढे काय झाले, याची हकिगत त्या विजयाच्या कथेत कुठेतरी दबून जाते. ती हकिगत जिथे घडली त्या जागा एकदा पायाखालून घालाव्यात आणि २ ऑगस्टला, म्हणजे रोमन पंचांगातल्या लढाईच्या तारखेला, कॅनीच्या टेकडीवर असावे, एवढ्यासाठी हा प्रवास होता.

दुपारी फोरममध्ये गेलो. सिनेटगृह म्हणून जी विटांची उंच इमारत दाखवली जाते ती फार नंतरची आहे. कॅनीच्या काळातले सिनेटगृह तिच्या शेजारच्या भागात होते आणि त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेत लोकांच्या सभा भरत. त्या काळच्या रोमची राजकीय रचना थोडक्यात सांगायची तर अशी होती : दरवर्षी निवडून येणारे दोन कॉन्सल, जे शांततेत राज्य चालवत आणि युद्धात सैन्य, सुमारे तीनशे सभासदांचे सिनेट, ज्याचा सल्ला कायद्याने नव्हे तर वजनाने आज्ञेसारखा चाले, आणि कायदे व निवडणुका यांसाठी नागरिकांच्या सभा. या रचनेच्या भोवती इटलीभर पसरलेले मित्रनगरांचे जाळे होते. रोम त्यांच्याकडून कर घेत नसे, शिपाई घेत असे. इ. स. पू. २२५ मध्ये गॉलांच्या स्वारीच्या वेळी रोम आणि मित्र मिळून शस्त्र धरू शकणाऱ्यांची गणती झाली तेव्हा आकडा सात लाख पायदळ आणि सत्तर हजार घोडदळाच्या वर गेला, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवले आहे. हॅनिबल आल्प्स उतरून आला तेव्हा त्याच्याजवळ फार तर सव्वीस हजार माणसे उरली होती. म्हणूनच त्याची सारी मदार रोमला त्या मित्रांपासून तोडण्यावर होती, आणि पुढच्या दिवसांत पाहिलेली प्रत्येक जागा या एका डावाशी जोडलेली आहे.

दुसरा दिवस, ३१ जुलै : त्रासिमेनो सरोवर

सकाळच्या गाडीने तेरोंतोला गाठले आणि तिथे गाडी बदलून तुओरो या गावी उतरलो. त्रासिमेनो हे विस्ताराने मोठे पण अतिशय उथळ सरोवर आहे. जास्तीत जास्त खोली सहा मीटरांच्या आसपास. उत्तरेकडून डोंगरांची कमान येते आणि तुओरोच्या सपाटीला कवेत घेऊन पुन्हा पाण्याशी टेकते. प्राचीन काळी पाणी डोंगराच्या अधिक जवळ होते असे मानतात, त्यामुळे आज जिथे सूर्यफुलांची शेते आहेत तिथे तेव्हा सैन्य जाण्यापुरती चिंचोळी वाट असावी.

इ. स. पू. २१७ च्या जूनमध्ये कॉन्सल गायस फ्लॅमिनियस आपले सैन्य घेऊन पहाटेच या वाटेत शिरला. सरोवरावरून उठलेले धुके सपाटीवर दाटलेले होते आणि डोंगरमाथे मोकळे होते, म्हणजे हॅनिबलच्या लोकांना एकमेकांचे इशारे दिसत होते आणि रोमनांना स्वतःची रांगही धड दिसत नव्हती. तीन तासांत पंधरा हजार रोमन मारले गेले. फ्लॅमिनियस स्वतः एका गॉल घोडेस्वाराच्या भाल्याने पडला. रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो की त्याच वेळी इटलीत मोठा भूकंप होऊन अनेक शहरांची पडझड झाली, पण लढणाऱ्यांपैकी कोणालाही तो जाणवला नाही. गावाजवळून वाहणाऱ्या ओढ्याच्या आणि वस्तीच्या सांग्विनेतो या नावाचा संबंध स्थानिक लोक त्या दिवशीच्या रक्ताशी लावतात.

फ्लॅमिनियसबद्दल मला येथे थोडे आग्रहाने लिहायचे आहे. प्राचीन इतिहासकार त्याला उतावळा, देवाधर्माला न जुमानणारा आणि लोकांना भडकावणारा ठरवतात. परंतु याच माणसाने इ. स. पू. २३२ मध्ये ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांचा निवडलेला प्रतिनिधी, असताना, सिनेटच्या विरोधाला न जुमानता, एड्रियाटिक किनाऱ्याकडची जिंकलेली जमीन सामान्य नागरिकांना वाटून देण्याचा कायदा मंजूर करून घेतला होता, आणि इ. स. पू. २२० मध्ये सेन्सॉर, म्हणजे नागरिकांची गणती आणि सार्वजनिक कामे पाहणारा अधिकारी, असताना रोमपासून उत्तरेकडे जाणारा व्हाया फ्लॅमिनिया हा रस्ता बांधला होता. ज्या उमरावांच्या घरांतून रोमचा इतिहास लिहिला गेला त्यांना हे पचणारे नव्हते. धुक्यात शोधपथक न पाठवता शिरण्याची चूक त्याने केलीच, आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण उतावीळपणाचा ठपका पुढच्या वर्षी कॅनीवर दुसऱ्या एका लोकपक्षीय कॉन्सलवर जसाच्या तसा ठेवला गेला, तेव्हा वाचकाने सावध व्हायला हवे.

या लढाईनंतर हॅनिबलने कैद्यांची दोन भागांत विभागणी केली. रोमन नागरिकांना बेड्या ठोकल्या. मित्रनगरांच्या शिपायांना मात्र, आपण इटलीशी नव्हे तर इटलीच्या स्वातंत्र्यासाठी रोमशी लढायला आलो आहोत असे सांगून, एक पैसाही न घेता घरी पाठवले. रोममध्ये बातमीसाठी जमलेल्या गर्दीसमोर प्रेटर, म्हणजे कॉन्सलांखालचा न्यायाधिकारी, मार्कस पोम्पोनियस याने, ‘मोठ्या लढाईत आपला पराभव झाला आहे,’ एवढेच एक वाक्य उच्चारले. बातमी लपवायची नाही आणि तिला फाटेही फोडायचे नाहीत, अशी ही पद्धत होती. वेशीवर दिवसेंदिवस बायका उभ्या राहत, आणि सुखरूप परतलेला मुलगा अचानक समोर आल्याने एका आईने तिथेच प्राण सोडला, असे लिव्ही सांगतो.

संध्याकाळच्या गाडीने रोमला परतलो.

तिसरा दिवस, १ ऑगस्ट : रोम ते बार्लेत्ता

दिवस प्रवासात गेला. रेल्वे आपेनाइन डोंगर ओलांडून बेनेव्हेंतोवरून फोज्जाला उतरते आणि तिथून पुलियाचे मैदान सुरू होते. ओळीने कापणी झालेली गव्हाची शेते पाहिली म्हणजे दोन्ही सैन्ये या भागात का आली ते नकाशाशिवाय कळते. त्रासिमेनोच्या पराभवानंतर डिक्टेटर, म्हणजे संकटकाळचा सर्वाधिकारी, नेमलेल्या क्विंटस फेबियसने सहा महिने समोरासमोर लढाई टाळून, शत्रूच्या चारा-दाण्याच्या तुकड्या तोडून, आपल्याकडे ज्याला गनिमी कावा म्हणतात त्याच्या जवळ जाणारे युद्ध चालवले होते. पण त्यामुळे शेते जळताना पाहणाऱ्या मित्रनगरांचा धीर सुटत चालला होता, आणि इ. स. पू. २१६ च्या उन्हाळ्यात कॅनीच्या गढीतील धान्याचे कोठारच हॅनिबलने बळकावले, तेव्हा रोमला निर्णायक लढाई द्यावीशी वाटली. मुक्काम बार्लेत्तात.

चौथा दिवस, २ ऑगस्ट : कॅनी आणि कानोसा

टॅक्सीवाल्याला ‘कान्ने देल्ला बात्ताल्या’ एवढे सांगितले की पुरते; लढाई हा शब्द त्या ठिकाणाच्या आजच्या नावातच आहे. सकाळी साडेआठला टेकडीवर पोचलो. माथ्यावर मध्ययुगीन गावाचे अवशेष, रोमन काळातील काही दगड आणि एक एकटा स्तंभ आहे. खाली ओफांतो नदी, म्हणजे प्राचीन ऑफिडस, बोरूच्या आणि झुडपांच्या पट्ट्यातून वळणे घेत समुद्राकडे जाते. पाणी उन्हाळ्यात इतके कमी असते की नदी आहे हे तिच्या काठच्या हिरव्या रेषेवरूनच ओळखावे लागते. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि गव्हाची धसकटे. लढाई नदीच्या नेमक्या कोणत्या तीरावर झाली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि नदीने पात्रही बदलले आहे. पण या टेकडीवरून दोन्ही तीर एका नजरेत येतात.

नऊच्या सुमारास वारा सुटला. लिव्हीने या भागात व्हल्टर्नस म्हणतात त्या वाऱ्याचा उल्लेख केला आहे, जो त्या दिवशी धूळ उडवत रोमनांच्या तोंडावर आला. मी हे अनेकदा वाचले होते. पण कोरड्या नांगरटीवरून उठलेली बारीक पांढुरकी माती जेव्हा पापण्यांवर आणि ओठांवर बसली तेव्हा त्या वाक्याचे वजन कळले.

पॉलिबियसच्या आकड्यांनुसार रोमकडे ऐंशी हजार पायदळ आणि सहा हजारांहून अधिक घोडदळ होते. हॅनिबलकडे चाळीस हजार पायदळ आणि दहा हजार घोडदळ. म्हणजे रोमचे पायदळ दुप्पट होते आणि घोडदळ कमी. आपल्या संख्येचा भार मध्यभागी टाकून शत्रूची फळी फोडावी म्हणून रोमनांनी तुकड्या नेहमीपेक्षा दाट आणि खोल लावल्या. हॅनिबलने मध्यभागी गॉल आणि स्पॅनिश शिपाई पुढे आलेल्या चंद्रकोरीसारखे उभे केले आणि दोन्ही टोकांना कसलेले आफ्रिकन पायदळ ठेवले, ज्यांच्या अंगावर आधीच्या लढायांत लुटलेली रोमन चिलखते होती. रोमन रेटा येताच चंद्रकोर सपाट झाली, मग आत दबली, आणि त्या खोबणीत शिरलेल्या रोमनांच्या दोन्ही बगलांवर आफ्रिकन वळले. तोवर नदीकडचे रोमन घोडदळ उधळून हॅनिबलचा सरदार हस्द्रुबल याचे स्वार संपूर्ण सैन्याच्या मागून फिरले होते आणि दुसऱ्या टोकाचे मित्रघोडदळही पळाले होते. शेवटी त्यांनी पायदळाच्या पाठीवर हल्ला केला. चहूबाजूंनी दाबल्या गेलेल्या त्या गर्दीत आतल्या माणसाला तलवार उचलण्यापुरतीही जागा नव्हती. त्याला फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहायची होती. दुसऱ्या दिवशी काही प्रेते अशी सापडली की त्यांनी हाताने खड्डे खणून त्यांत डोकी घातली होती आणि मातीने स्वतःला गुदमरवले होते.

लिव्ही मृतांची संख्या ४५,५०० पायदळ आणि २,७०० घोडदळ देतो. पॉलिबियस सत्तर हजारांच्या आसपास जातो. कॉन्सल एमिलियस पॉलस मेला, एकोणतीस लष्करी ट्रिब्यून, म्हणजे सैन्यातले वरिष्ठ अधिकारी, मेले, आणि सिनेटचे सभासद किंवा सभासद होण्याच्या योग्यतेचे ऐंशी जण मेले, ज्यांपैकी पुष्कळ स्वेच्छेने शिपाई म्हणून आले होते. पुढे कार्थेजच्या सभेत हॅनिबलच्या भावाने रोमन सरदारांच्या बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्या जमिनीवर ओतल्या तेव्हा त्या मापाने मोजाव्या लागल्या.

दुसरा कॉन्सल टेरेन्शियस व्हॅरो जिवंत निसटला. तो खालच्या घरातून वर आलेला. लिव्ही त्याला खाटकाचा मुलगा म्हणतो आणि सगळा दोष त्याच्या माथी मारतो. हे वाचताना एक गोष्ट विसरू नये की पॉलिबियस रोममध्ये ज्या घराच्या आश्रयाने राहिला आणि लिहू लागला ते घर मृत कॉन्सल पॉलसच्या मुलाचे होते, आणि त्याचा सर्वांत जवळचा रोमन मित्र त्या पॉलसचा नातू होता. दोन कॉन्सलांनी एक-एक दिवस आड सेनापतिपद करण्याची पद्धत, आठ लीजनांचे, म्हणजे मोठ्या रोमन पलटणींचे, असे सैन्य जे यापूर्वी कधी एकत्र लढले नव्हते, आणि लढाई द्यावी हा सिनेटचाच कल, या गोष्टींचा दोष एका माणसाला देता येणार नाही.

दुपारी दहा-बारा किलोमीटरवरच्या कानोसाला गेलो. हेच प्राचीन कॅन्युसियम. रात्रीच्या अंधारात रोमन छावण्यांत लपलेल्या हजारो शिपायांपुढे प्रश्न होता की शरण जावे की शत्रूच्या मधून वाट काढावी. छोट्या छावणीतला लष्करी ट्रिब्यून सेम्प्रोनियस टुडिटॅनस याने, चला, असे म्हणून तलवार उपसली तेव्हा सहाशे जण त्याच्यामागे निघाले आणि इथे पोचले; बाकीचे मागे राहिले आणि सकाळी कैद झाले. या फरकाने पुढे माणसांची सगळी आयुष्ये ठरली. कॅन्युसियमने सुटून आलेल्यांना तटाच्या आत घेतले, आणि ब्यूसा नावाच्या एका श्रीमंत स्त्रीने त्यांना धान्य, कपडे आणि वाटखर्च दिला. येणाऱ्यांची संख्या दहा हजारांवर गेली तरी तिने हात आखडला नाही. रोमने इटलीत उभे केलेले नाते शाबूत होते याचा, माझ्या मते, सगळ्यात पहिला पुरावा सिनेटच्या ठरावात नसून या एका घरच्या धान्यात आहे. येथेच काही तरुण सरदार देश सोडून समुद्रापार जाण्याचा बेत करीत बसले असताना, विशीच्या आतबाहेरचा पब्लियस स्किपिओ आत शिरला, त्यांच्या डोक्यांवर तलवार धरली आणि रोमला सोडणार नाही अशी शपथ प्रत्येकाकडून घेतली.

संध्याकाळी कानोसाच्या चढावरून ओफांतोकडे पाहत बराच वेळ बसलो होतो. वाटेने कोणी येत असले तर इथल्या लोकांना ते दुरूनच दिसले असेल.

पाचवा दिवस, ३ ऑगस्ट : बेनेव्हेंतो

हॅनिबलने कैद्यांच्या सुटकेसाठी रक्कम ठरवली आणि त्यांच्यातलेच दहा जण, परत येण्याच्या शपथेवर, रोमला पाठवले. नातेवाईक सिनेटगृहाबाहेर हात जोडून उभे होते. टायटस मॅन्लियस टॉर्क्वेटस या कठोर वृद्धाने विचारले की टुडिटॅनस वाट दाखवत असताना जे छावणीत बसून राहिले त्यांना कशासाठी सोडवायचे. सिनेटने खंडणी नाकारली. एका प्रतिनिधीने शपथेतून सुटण्यासाठी, छावणीतून निघाल्यावर काही विसरल्याचा बहाणा करून एकदा परत पाऊल टाकले होते. सिनेटने त्यालाही पकडून हॅनिबलकडे पाठवले, असे पॉलिबियस सांगतो.

आणि त्याच वेळी राज्याने मालकांकडून आठ हजार गुलाम विकत घेतले, प्रत्येकाला सैन्यात येण्याची इच्छा आहे का हे विचारले आणि त्यांना शस्त्रे दिली. लिव्ही स्पष्ट लिहितो की कैदी याहून स्वस्तात सुटले असते. या निर्णयाची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत. मला ती पूर्णपणे मान्य करता येत नाही. हॅनिबलला पैसा मिळू नये आणि शिपायांना शरणागतीचा मार्ग दिसू नये हे हिशेब खरे होते, परंतु ज्यांच्या मुलांना त्या दिवशी दारातून परत पाठवले गेले त्यांच्यासाठी हिशेबाला अर्थ नव्हता.

बेनेव्हेंतोला गाडीतून उतरलो ते या गुलामांसाठी. शहरात सम्राट ट्रेजनची इ. स. ११४ ची कमान आहे आणि ती खरोखर देखणी आहे, पण ती तीन शतकांनंतरची. मी कालोरे नदीच्या काठाने चालत गेलो. इ. स. पू. २१४ मध्ये याच नदीजवळ टायबेरियस ग्रॅकस याच्या हाताखाली ते स्वयंसेवक गुलाम कार्थेजचा सेनापती हॅनो याच्या सैन्यासमोर उभे राहिले. दोन वर्षे नोकरी करूनही स्वातंत्र्याचे नाव निघत नव्हते म्हणून ते कुरकुरत होते. ग्रॅकसने सिनेटची परवानगी मिळवून जाहीर केले की जो शत्रूचे डोके आणील तो त्याच दिवशी मुक्त होईल. त्याचा परिणाम असा झाला की जे शूर होते ते डोके कापण्यात वेळ घालवू लागले आणि एका हातात ते धरून लढेनासे झाले. ग्रॅकसने तातडीने हुकूम बदलला : डोकी टाकून द्या, शौर्य पुरेसे दिसले आहे, पण शत्रू मोडल्याशिवाय कोणालाही मुक्ती नाही. शत्रू मोडला. हॅनोच्या सुमारे अठरा हजारांपैकी दोन हजारही वाचले नाहीत.

ग्रॅकसने सर्वांना मुक्त केले; मात्र जे हजारो जण ऐन वेळी मागे राहून टेकडीवर गेले होते त्यांना त्याने एवढीच शिक्षा दिली की नोकरीत असेतोवर त्यांनी उभे राहून जेवावे. सैन्य शहरात परतले तेव्हा बेनेव्हेंटमच्या लोकांनी घरांपुढे रस्त्यावर मेजे मांडून त्यांना जेवू घातले. मुक्ततेची खूण म्हणून कोणी टोप्या, कोणी पांढऱ्या लोकरीच्या पट्ट्या डोक्याला बांधल्या होत्या. काही टेकून बसले होते आणि काही उभे राहून वाढत होते आणि जेवत होते. ग्रॅकसने या दृश्याचे चित्र काढून घेतले आणि रोममध्ये आपल्या वडिलांनी बांधलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या मंदिरात ठेवले. ते चित्र नष्ट झाले आहे. जुन्या भागातल्या अरुंद गल्लीत एका खाणावळीने रस्त्यावरच टेबले मांडली होती. तिथे दुपारचे जेवण घेतले आणि उभे राहून जेवणाऱ्यांबद्दल विचार करीत राहिलो.

सहावा दिवस, ४ ऑगस्ट : सांता मारिया कापुआ वेतेरे

आजचे कापुआ निराळ्या जागी आहे. प्राचीन कॅप्युआ म्हणजे सांता मारिया कापुआ वेतेरे. तिथले प्रचंड रंगमंडल कोलोसियमच्या खालोखाल मोठे आहे आणि स्पार्टाकसच्या बंडाची सुरुवात इ. स. पू. ७३ मध्ये याच शहरातल्या ग्लॅडिएटर शाळेत झाली. माझे काम त्याआधीच्या सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या काळाशी होते, आणि त्या काळचे येथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही.

कॅनीनंतर हॅनिबलला मिळालेले सगळ्यात मोठे बक्षीस हे शहर होते. कॅप्युआच्या लोकांना मतदानाच्या हक्काशिवाय रोमन नागरिकत्व होते. कर्तव्ये पुरी, अधिकार अर्धे. त्यांचे फुटणे समजण्यासारखे होते. परंतु मध्य इटलीची लॅटिन नगरे फुटली नाहीत, आणि एकट्या कॅप्युआचे रक्षण करायचे म्हटले की हॅनिबलचे हात बांधले जात. इ. स. पू. २१२ पासून रोमनांनी शहराभोवती दुहेरी खंदक आणि तट घातला, आणि इ. स. पू. २११ मध्ये शहर पडले. कॅप्युआच्या त्रेपन्न सिनेटरांना दोन गावांत ठेवले होते. सेनापती फुल्व्हियसला रोमहून पत्र आले. त्यात शिक्षा लांबणीवर टाकण्याचा हुकूम असेल असा त्याला संशय असल्याने त्याने ते न उघडता मांडीवर ठेवले, शेवटचे डोके उडेपर्यंत थांबला, आणि मग वाचले. शहराची जमीन रोमची सार्वजनिक मालमत्ता झाली, स्वतःचे सिनेट आणि न्यायाधीश गेले, लोकवस्ती केवळ राहण्यापुरती उरली. मित्रांना जोडणारा आणि न जुळणाऱ्याला ठेचणारा रोमचा हात एकच होता.

सातवा दिवस, ५ ऑगस्ट : रोम

सकाळी पोर्ता कोलिना जिथे होती त्या भागात गेलो. वेशीचे काही दिसत नाही; सरकारी कार्यालयांच्या मोठ्या इमारती आणि वाहतूक आहे. कॅप्युआचा वेढा उठवण्यासाठी इ. स. पू. २११ मध्ये हॅनिबल एकदा रोमवर चालून आला, शहरापासून तीन मैलांवर आनियो नदीकाठी छावणी दिली आणि दोन हजार स्वारांनिशी या वेशीजवळ येऊन तट न्याहाळून गेला. त्याच दिवसांत त्याच्या छावणीखालची जमीन रोममध्ये विकली गेली आणि तिची किंमत जराही उतरली नाही. आणि स्पेनकडे कुमक म्हणून निघालेले सैन्य निशाणे फडकवत दुसऱ्या बाजूने बाहेर पडले.

त्या वर्षी कॅनीतून वाचलेले शिपाई सिसिलीत होते. कॅनीनंतर व्हॅरो रोमला परतला तेव्हा, राज्याबद्दल निराश झाला नाही म्हणून त्याचे जाहीर आभार मानले गेले होते. शिपायांना मात्र, इटलीत युद्ध चालू असेतोवर परतायचे नाही, अशी शिक्षा देऊन सिसिलीला धाडले. त्यांनी सेनापती मार्सेलसपुढे तक्रार मांडली की ज्या कॉन्सलच्या हाताखाली आम्ही हरलो त्याचे आभार आणि ज्या ट्रिब्यूनांबरोबर पळालो त्यांना आता मोठी पदे. मग शिक्षा फक्त शिपायालाच का? त्यांना मागायचे होते ते घर नव्हे, लढण्याची संधी. मार्सेलसने सिनेटला कळवले. सिनेटने उत्तर दिले की मार्सेलसला हवे तर त्याने त्यांना वापरावे, पण शौर्यासाठी त्यांपैकी कोणाचा गौरव करू नये आणि शत्रू इटलीत असेतोवर कोणाला इटलीत आणू नये.

त्यांना वापरणारा शेवटी भेटला तो स्किपिओ, जो कॅन्युसियमच्या त्या रात्री स्वतः त्यांच्यातच होता. कॅनीचा पराभव या लोकांच्या भित्रेपणाने झाला नव्हता हे त्याला माहीत होते, आणि इतका दीर्घ अनुभव दुसऱ्या कोणत्याही रोमन शिपायांना नव्हता. आफ्रिकेवरच्या स्वारीसाठी त्याने ज्या लीजन निवडल्या त्यांत हे शिपाई होते. इ. स. पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबल हरला. कॅनीच्या दिवशी वीस वर्षांचा असलेला माणूस झामाला चौतीस वर्षांचा होता.

दुपारी उन्हात फोरममधल्या व्हाया साक्रावरून कॅपिटलच्या दिशेने चढलो. रस्त्याचे काळे बेसॉल्टचे दगड इतके झिजलेले आणि उंचसखल आहेत की पावलागणिक खाली पाहावे लागते. विजययात्रा या रस्त्याने कॅपिटलवर जात. इ. स. पू. १९४ मध्ये ग्रीसहून परतलेल्या टायटस फ्लॅमिनिनसची विजययात्रा तीन दिवस चालली. ग्रीसमध्ये असताना त्याला कळले होते की हॅनिबलने, रोमने सोडवले नाहीत म्हणून, विकून टाकलेले रोमन कैदी तिकडे गुलाम म्हणून राबत आहेत. एकट्या अकीया प्रांतात ते बाराशे निघाले. अकीयाच्या लोकांनी माणशी पाचशे दिनार, म्हणजे एकूण शंभर टॅलेंट (मोठ्या रकमेचे ग्रीक माप), त्यांच्या मालकांना भरून त्यांना सोडवले आणि भेट म्हणून फ्लॅमिनिनसच्या स्वाधीन केले.

विजययात्रेत सोने, चांदी, पुतळे आणि राजपुत्र ओलीस पुढे होते. सेनापतीच्या रथामागून, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या रिवाजाप्रमाणे डोक्यांचे मुंडण केलेले ते लोक चालत होते. खंडणी नाकारल्याला त्या वर्षी बावीस वर्षे झाली होती.